आम्ही ज्याला औषध म्हणत नाही

३ जुलै, गुरुवार

केंद्रात नव्या वह्या आल्या. जुनी अर्धी कोरी होती ती सर आर्नेल टाकून देत होते, मी उचलून घरी आणली. सर आर्नेल म्हणजे आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रातले नर्स. वयाने माझ्या निम्मे, पण सर म्हणायचं म्हणजे म्हणायचं. तर या वहीत आता केंद्राचं काही नाही, माझं लिहिणार. घरात बोलायला आहे कोण? लेक लिन असते, पण ती मला इनाय, म्हणजे आई, अशी एक हाक मारते आणि मग मोबाइलशी बोलते.

आज भरती सकाळीच. गल्लीत गुडघाभर पाणी. समुद्रकाठच्या आमच्या मालाबोनमध्ये पाणी भरायला पाऊस लागत नाही, चंद्र पुरतो. मी केंद्राची सेविका, दुपारपर्यंत चव्वेचाळीस घरं केली. गळ्यात पिशवी, पिशवीत या पाण्यातून होणाऱ्या रोगावरच्या डॉक्सीच्या कॅप्सूल, आणि प्रत्येक दारात तेच तीन प्रश्न. गरोदर आहेस का? हे घेऊन पूर्वी कधी अंगावर पुरळ उठलं होतं का? दुसरं काही औषध चालू आहे का? सगळे म्हणतात नाही, नाही, नाही. मी तीन फुल्या मारते आणि पुढच्या दारात. बारा वर्षं झाली.

घरी आले तर लिन घोटा धूत बसलेली. पाण्यातला पत्रा लागला म्हणे.  तिचा बाप, माझा दोमेंग, असाच एवढुसा खिळा लागून गेला. पाण्यात उंदरांचं मूत असतं, ते जखमेतून आत शिरतं आणि लेप्टो होतो. दहाव्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. बाराव्या दिवशी मी विधवा.

दोन कॅप्सूल तिच्या हातावर ठेवल्या. "माझ्यासमोर गिळ. जीभ दाखव."

"इनाय, मी एकोणीस वर्षांची आहे."

"तुझा बाप एक्केचाळीसचा होता."

गिळल्या मुकाट्याने. ओठ केवढे फुटलेत पोरीचे! पाणीच पीत नाही कार्टी.

७ जुलै, सोमवार

लिनला मुलाखतीचं बोलावणं आलं. मोठ्या मॉलमध्ये, पावडर-लिपस्टिकच्या काउंटरवर. जाहिरातीत लिहिलंय, 'व्यक्तिमत्त्व प्रसन्न हवे.' इथं शेंबड्या पोरालाही कळतं त्याचा अर्थ काय ते. चेहऱ्यावर डाग नको. मार्चमध्ये त्याच मॉलच्या बाईने हिच्या गालांकडे असं बघितलं, जसं आपण बाजारात नासका मासा बघतो. मुरमांनी भरलेला होता चेहरा तेव्हा, पू धरलेला. तीन दिवस पोर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती.

आणि आता बघा! दोन महिन्यांत चेहरा कसा लखलखीत. मी नऊ बुधवार चर्चला गेले आणि पपईचा साबण आणून दिला. पंपाकिनिस म्हणतात त्याला आमच्याकडे, म्हणजे कातडी गुळगुळीत करणारं. साबणाने केलं की देवाने, मला काय करायचंय.

सर सांगतात, पाण्यात रोज जाणाऱ्यांना आठवड्यातून एकदाच दोन कॅप्सूल. मी लिनला रोज देते. सरांचं बरोबर असेलही, पण सरांनी नवरा पुरलेला नाही. यादीत मी दोन घरं जास्तीची लिहिते. देव बघत असेल तर बघू दे.

आज कॅप्सूल हातात घेऊन तिने विचारलं, "इनाय, ही दुसऱ्या कशाबरोबर चालते ना?"

"दुधाबरोबर घेऊ नकोस. दूध हिचा असर मारतं."

"दूध नाही गं. समजा... व्हिटॅमिनसारखं काही असेल."

"व्हिटॅमिनने कोणी मेलंय का आजवर? गिळ आणि आडवी होऊ नकोस लगेच, घशाला चिकटते."

१२ जुलै

लागली! नोकरी लागली! गल्लीभर पानसित शेवया वाटल्या. शेजारच्या आलिंग तासिंगने दोनदा मागून घेतल्या आणि वर म्हणाली, "तुझी पोरगी टीव्हीत जाईल गं पुरिंग." लिन हसली तर ओठातून रक्त आलं. हाताची सालंही निघतात. मी म्हटलं, सापासारखी कात टाकतेस की काय? ती म्हणाली, मॉलचा एसी सुरू होण्याआधीच सवय करतेय.

१९ जुलै, शनिवार

लिनचं डोकं दुखतंय, आज चौथा दिवस. सकाळी जास्त, आडवी झाली की आणखी जास्त. कानात पाण्याचा पंप चालू असल्यासारखा आवाज येतो म्हणते, धप्प धप्प, छातीच्या ठोक्याबरोबर. आज उठल्या उठल्या उलटी झाली.

आलिंग तासिंग तेल घेऊन आली. तिचं निदान तयारच. "पास्मा झालाय. गणवेशाला इस्त्री केली आणि लगेच गार पाण्याने अंघोळ केली ना? गरम हात, गार पाणी. माझ्या मावशीचे डोळे गेले असेच." मी केंद्रातली बाई, मला असल्या गोष्टी मानता येत नाहीत. पण घरात मानते. तेल चोळू दिलं.

जाता जाता दारात थांबून म्हातारी हळूच म्हणाली, "सकाळीच उलटी होते, नाही का गं?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी दार लावून घेतलं. 

२२ जुलै, मंगळवार

लिहू की नको. वही कुणी वाचली तर? पण कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर माझंच डोकं फुटेल.

तिची उशी उन्हात घालायला उचलली. खोळीत कॅप्सूलचं पाकीट. अक्षरं परदेशी, वाकडी-तिकडी, एकही कळेना. पण चित्र कळलं. पोट पुढे आलेली बाई, आणि तिच्यावर लाल आडवी रेघ.

 असल्या गोळ्या कुठं मिळतात ते मला ठाऊक आहे. चर्चमागच्या फुटपाथवर, मेणबत्त्यांच्या शेजारी, बायका कानात कुजबुजून विकतात. त्या घेतलेल्या दोन पोरी केंद्रात रक्ताने न्हालेल्या आल्या होत्या, त्यातली एक वाचली नाही. आणि माझी लिन! माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! गावाला शहाणपण शिकवणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाकीट होतं तसं खोळीत ठेवून दिलं. एक रिकामी पट्टी मात्र काढून या वहीत दडवली आहे. का, ते मलाही माहीत नाही.

२३ जुलै

मी सरळ विचारलं नाही.  म्हटलं, "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"तूच सांग."

ती हसायलाच लागली. मग हसता हसता डोकं धरून खाली बसली. "इनाय, मला कोण बघतंय? आत्ता कुठं आरशात बघायला लागलेय मी."

खोटारडी. मी ताट आपटलं, तीही चिडली. "तुला काही म्हणजे काही कळत नाही," म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पोट पडलंच असेल तर पडलं, कुणाला कळायला नको. रक्त दिसत नाही कुठं, तेवढं बरं. चादरी रोज तपासते मी. आईने असं तपासावं का पोरीचं अंथरूण?

२७ जुलै, रविवार

नवीनच भीती. लिन चपला घालायला वाकली की डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो. दोन-चार श्वास घेईपर्यंत काही दिसत नाही, मग परत दिसतं.

डोळ्यांचं मला कळतं. लहान मुलांना आम्ही सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व पाजतो ते डोळ्यांसाठीच. केंद्राच्या कपाटातून दोन लाल कॅप्सूल आणल्या, टोक कापून तिच्या जिभेवर पिळल्या. कोंबडीची काळीजं परतून दिली. शेवग्याच्या पाल्याचं सूप रोज दोन वाट्या. "इनाय, मी काय बकरी आहे?" म्हणाली. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बघणार आहे, सुधारायलाच हवं.

डॉक्सीही चालूच आहे. परवा अमावस्या झाली, पाणी पुन्हा उंबऱ्याशी.

३० जुलै, बुधवार

आज इस्पितळात गेलो. कामावर तिला एकाच्या दोन बाटल्या दिसल्या, नसलेली उचलायला गेली आणि असलेली फोडली. घरी येताना गल्लीत टाकलेल्या फळीवरून पाय सुटला, कंबरभर पाण्यात पडली. आलिंग तासिंगने केस धरून ओढून काढली.

सरकारी इस्पितळ, तीन तास रांग. तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळं, एका वेळी दोन पेशंट बघत होता. त्याने विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

लिन म्हणाली, "नाही, डोक." डॉक्टरला आम्ही डोक म्हणतो.

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत ही वही होती. वहीत ती पट्टी.

मागे रांगेत आमच्या गल्लीतल्या तीन बायका. शेजारी आलिंग तासिंग छत्री धरून, कान टवकारून.

मी म्हटलं, "नाही."

अर्धशिशी आहे म्हणाला. दुखण्याची गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.  मी रोज लोकांना विचारते तोच प्रश्न होता की हा! आणि मी खोटं बोलले. पोरीच्या अब्रूसाठी बोलले. का माझ्या?

२ ऑगस्ट, शनिवार

आज सकाळी लिन भिंतीला हात लावत मोरीकडे गेली.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. डाव्या बाजूला धूर आहे."

घरात धूर नव्हता. चूलही पेटलेली नव्हती.

आज शनिवार, उद्या रविवार, डोळ्यांचा विभाग बंद. सोमवारी उघडतो. आज मी चर्चला गेले नाही. देवाला काय तोंड दाखवू? मला एवढंच मागायचंय की हिचे डोळे घेऊ नकोस, माझे घे, मला या वयात बघायचंय काय. पण मागायचं तर आधी खरं सांगावं लागेल.

सोमवारी सांगणार. रांगेत अख्खं मालाबोन उभं असलं तरी सांगणार.

४ ऑगस्ट, सोमवार

सगळं नीट लिहून ठेवते.

डोळ्यांच्या डॉक्टर सिसोन म्हणून बाई आहेत. तुटक बोलतात. लिनच्या डोळ्यांत औषध घातलं, दिवा लावून आत बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग खुर्ची मागे ढकलली. "दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजल्यात. हे आजचं नाही. काय घेतेय ही?"

लिन म्हणाली, "काही औषध नाही, डोक."

मी वही काढली. पट्टी टेबलावर ठेवली. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर आलिंग तासिंग आणि आणखी दहा जणी. बोलायला गेले ते ओरडल्यासारखं झालं. "पोट पाडायच्या गोळ्या घेतल्यात माझ्या मुलीने! मला बावीस तारखेपासून माहीत आहे. मी लपवलं. तिला काही म्हणू नका, मला म्हणा."

 लिनचं तोंड उघडं ते उघडंच.

डोक सिसोननी पट्टी उलटी केली, बारीक अक्षरं वाचली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला, मला आते म्हणाल्या, म्हणजे ताई. "आते, ही मुरमांची कॅप्सूल आहे. आयसोट्रेटिनॉइन. ही घेताना दिवस गेले तर बाळ व्यंगाचं होतं, म्हणून ते चित्र. गरोदर बाईने घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ."

बाहेरून आलिंग तासिंगचा आवाज आला, "अगं बाई, आणि मी तर बारशाचं नावसुद्धा काढून ठेवलं होतं!" कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं. खरंच सांगते, पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मुरमं! नुसती मुरमं! माझी लेक तशी नाही!

तेवढ्यात डोक म्हणाल्या, "हिच्याबरोबर आणखी काय चालू होतं? एखादं अँटिबायोटिक?"

लिन म्हणाली, "डॉक्सी. पाण्यासाठी. इनाय देते."

"कितीदा?"

"रोज."

"रोज? किती दिवस?"

"महिना झाला."

"आणि व्हिटॅमिन वगैरे?"

लिनने माझ्याकडे बघितलं. उत्तर मीच दिलं. "अ जीवनसत्त्व. मुलांना देतो ते. लाल कॅप्सूल. आणि काळीजं."

डोक सिसोननी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या, एखाद्या नव्या सेविकेला शिकवावं तसं. मुरमांची ती कॅप्सूल अ जीवनसत्त्वाच्याच घरातली. ती एकटीही कधीकधी डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढवते. डॉक्सीही वाढवते. म्हणून या दोघी एका पेशंटला एका वेळी कधी म्हणजे कधीच द्यायच्या नसतात. त्यावर मी आणखी अ जीवनसत्त्व ओतलं. तो दाब आता डोळ्यांच्या नसा चेपतो आहे.

मी विचारलं, "तीस तारखेला बोलले असते तर?"

 त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आज बोललात. आता सगळं बंद. हिला दाखल करायचंय."

६ ऑगस्ट, बुधवार

काल पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. लिन कुशीवर, गुडघे पोटाशी, जशी माझ्या पोटात असेल तशी. नळीत पाणी चढत गेलं. मोजणारी नर्स आकडा बोलली आणि डोक सिसोन म्हणाल्या, पुन्हा बघ. पुन्हा तोच आकडा. दुप्पट दाब. तेवढं पाणी काढल्यावर लिन म्हणाली, "पंप थांबला." कानातला.

दाब उतरवायच्या गोळ्या चालू केल्यात. नजर किती परत येईल ते सांगता येत नाही म्हणाल्या. काहींची सगळी येते. काहींची येत नाही.

आज ती जरा बोलती झाली, म्हणून विचारलं. "तिथं दोन्ही डोक विचारत होते, औषध चालू आहे का. तू नाही का म्हणालीस?"

"ते औषध थोडंच आहे, इनाय? औषध आजारी माणूस घेतं. ते पंपाकिनिस आहे. माझी मैत्रीण जोनावी, तिच्या बहिणीला बँकॉकच्या डॉक्टरने दिलं होतं, तिचं बरं झालं, उरलेलं तिने मला दिलं. गुपचूप घेतलं, कारण तू म्हणाली असतीस, देवाने दिलेला चेहरा आहे, ठेव तसाच."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत म्हणाले असते.

आणि मी बारा वर्षं दारोदार औषध म्हणूनच विचारत आले. गोरं व्हायची गोळी, बारीक व्हायचा चहा, केस वाढायच्या कॅप्सूल, पुरुषांचं ताकदीचं ते काय काय, यातलं एकही आमच्या लोकांच्या लेखी औषध नाही. सगळे खरंच बोलत होते. मी फुल्या मारत होते.

मग ती छताकडे बघत म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"काय?"

"कशाबरोबर चालते का, ते. तू म्हणालीस व्हिटॅमिनने कोणी मेलंय का."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. तोंडात रुमालाचा बोळा कोंबला आणि रडले. वॉर्डात बाकीचे आजारी झोपलेले होते.

१६ ऑगस्ट, शनिवार

घरी आलो. काल डोळ्यांची परीक्षा झाली. भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे उभी होते. मला सगळे ठिपके दिसत होते. ठिपका लागायचा आणि तिचा अंगठा हलायचा नाही. मी मनात म्हणायचे, दाब, दाब ना गं. पुढचा ठिपका लागायचा.

उजवा डोळा सावरतोय. डाव्याचा मधला भाग आहे, पण कडेचं गेलं. सूज उतरली तरी ते येईल असं वाटत नाही, डोक सिसोननी सरळ सांगितलं. लिनने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॉलमध्ये बाटल्या ओळखू येतील ना?"

१९ ऑगस्ट

केंद्रात गेले. सर आर्नेलना सगळं सांगितलं, यादीतली खोटी घरं, कपाटातल्या लाल कॅप्सूल, सगळं. वाटलं होतं ओरडतील. ते बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, "आते, पिशवी ठेवा."

मी गळ्यातून पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. बारा वर्षं ती गळ्यात होती. आता मी बाळांची वजनं करणार.

घरी लिनच्या हनुवटीवर दोन मुरमं उठलीत. मी जीव मुठीत धरून बघत होते, आता काय करते. ती आरशापुढे उभी राहिली, मान डावीकडे वळवून वळवून बघितलं आणि म्हणाली, "चला, निदान हे तरी दिसतंय." मला हसावं की रडावं कळेना. ती हसत नव्हती.

माझ्याशी फारसं बोलत नाही. गोळ्यांची वेळ मी सांगते, पण पाकीट ती माझ्याकडून मागून घेते. उजव्या डोळ्याशी धरून नाव वाचते, मग फोनवर डोक सिसोनच्या चिठ्ठीशी ताडून बघते, मगच गिळते. मी पाण्याचा ग्लास धरून उभी असते. बरोबर करते पोर. पण रोज बघवत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज अमावस्या. सकाळी नऊला पाणी मांडीपर्यंत चढलं आणि साडेदहाला डोक सिसोनच्या खासगी दवाखान्यात लिनची डोळ्यांची तपासणी. सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच येते. आत यायला कोणी तयार नाही.

तिच्या घोट्यावर पत्र्याची ती जखम पुन्हा उकललीय. डॉक्सी तिला आता द्यायची नाही. डोक सिसोनना फोन करून विचारलं, मग काय देऊ? त्या म्हणाल्या, "सध्या काही नाही. पाय पाण्यात जाऊ देऊ नका, हेच औषध."

त्यांना काय, सांगायला सोपं. मी उंबऱ्यावर उभी राहून त्या काळ्या पाण्याकडे बघितलं. त्यात दोमेंग दिसला, पिवळा. इकडे आड, तिकडे विहीर. गोळी द्यावी तर डोळे, न द्यावी तर जीव. एवढी भीती मला त्याच्या मरणादिवशीही वाटली नव्हती.

मी तिच्याकडे पाठ करून वाकले. "बस."

"काय?"

"पाठीवर बस."

"इनाय, वेडी आहेस का? मी एकोणपन्नास किलोंची आहे."

"मी पन्नास वर्षांची आहे. एक किलो जास्तीच आहे माझ्याकडे. बस."

ती बसली. तिचे गुडघे मी काखेत आवळून धरले आणि पाण्यात उतरले. पहिल्या दहा पावलांतच कंबर बोलायला लागली. तळाला चिखल, पाय रुतत होते. काहीतरी पायाला टोचलंही, पण बघायला हात कुठं होते? खिडक्यांतून लोक बघत होते. आलिंग तासिंग ओरडली, "अगं, बाळ केवढं मोठं झालं तुझं, पुरिंग!"

लिनने तोंड माझ्या मानेत लपवलं. मला वाटलं शरमेने. मग कानाशी तिचा आवाज आला, हलका, खूप दिवसांनी माझ्यासाठीचा.

"इनाय, डावीकडे काय आहे?"

मला आधी कळलंच नाही. ती मान वळवू शकत नव्हती, वळवली असती तर आमचा दोघींचा तोल गेला असता.

"तासिंगचं दार," मी म्हटलं. "ती उभी आहे दारात. हातात झाडू."

"मग?"

"मग निळी भिंत. त्यावर निवडणुकीचे कागद, अर्धे फाटलेले."

"मग?"

"दोरीवर कपडे. लहान मुलीचा फ्रॉक. पिवळा. एक चड्डी पाण्यात पडलीय."

"कुणाची?"

"मला काय माहीत कुणाची!"

ती हसली, मानेवर ऊन श्वास लागला. मला दम लागला होता, गल्लीचं तोंड अजून वीसेक पावलं होतं. मी जरा थांबले, तिला वर सरकवलं.

"थांबलीस का? सांग ना," ती म्हणाली.

मी सांगत राहिले.